इन्फरन्समध्ये ३० पैकी ९ : बडोद्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

वैदेही (नाव बदलले आहे) बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेली. घरात मराठी, शाळा गुजराती माध्यमाची, नंतर गणित आणि संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी., तेही पहिल्या वर्गात. एम.एस्सी.च्या दुसऱ्या सत्रात तिला स्टॅटिस्टिकल इन्फरन्सचा, म्हणजे सॅम्पलवरून वितरणाच्या अज्ञात पॅरामीटरविषयी निष्कर्ष काढण्याचा, पेपर होता. त्यात सफिशियन्सी, अनबायस्ड एस्टिमेशन, क्रामर-राव सीमा, लाइकलीहुड, नेमन-पिअर्सन आणि शेवटी मोठ्या सॅम्पलचे सिद्धान्त असा नेहमीचा अभ्यासक्रम. अंतर्गत परीक्षा ३० गुणांची, सत्रान्त परीक्षा ७० गुणांची.

बी.एस्सी.ला हाच विषय तिने एका ठरावीक कृतीने पार केला होता. लाइकलीहुड (पॅरामीटरच्या प्रत्येक किंमतीला हाती आलेले सॅम्पल किती संभाव्य हे सांगणारे फंक्शन) लिहायचे, लॉग घ्यायचा, डेरिव्हेटिव्ह काढून शून्याशी जुळवायचे, की एस्टिमेटर, म्हणजे पॅरामीटरचा अंदाज देणारे सूत्र, हातात. नॉर्मल, पॉयसाँ, बायनॉमियल या तिन्ही ठिकाणी ही कृती चालते, कारण निरीक्षणे कुठल्या पल्ल्यात येऊ शकतात हे तिथे पॅरामीटरवर अवलंबून नसते. ती का चालते हे बी.एस्सी.च्या पेपरात कोणी विचारत नाही. या प्रकरणाचे मूळ तिथेच आहे.

मेहनतीची कमतरता नव्हती. उत्तरायणाच्या सुट्टीत गल्लीभर पतंग चालू असताना ती झेरॉक्सच्या दुकानातून आणलेली सोडवलेल्या पेपरांची चोपडी घेऊन बसली होती. फेब्रुवारीत अंतर्गत परीक्षा झाली आणि ३० पैकी ९ गुण आले.

अडचण

पहिले निदान घरच्यांचे आणि मैत्रिणींचे होते. “कॅल्क्युलेशनमध्ये चुकली असशील” आणि “प्रूफं पाठ झाली नाहीत.” वैदेहीलाही ते पटले. उरलेल्या आठेक आठवड्यांत सगळी प्रूफे तोंडपाठ करायची, असे तिने ठरवले होते.

तिच्याच वाड्यात राहणाऱ्या, संख्याशास्त्रात संशोधन करणाऱ्या एका ताईने तिला थांबवले. “आधी उत्तरपत्रिका बघून ये. किती गुण गेले ते मला नको, कुठल्या ओळीला गेले ते लिहून आण.” या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण हाच, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचाही. इन्फरन्समध्ये कमी गुण मिळालेले विद्यार्थी उपाय आधी ठरवतात आणि उत्तरपत्रिका बहुधा उघडतच नाहीत. खात्याने ती दाखवली तर एकूण बेरीज तपासून परत देतात.

उत्तरपत्रिकेत काय सापडले

गेलेले २१ गुण चार ढिगांत वाटले गेले. पल्ला आणि त्याच्याशी जोडलेल्या अटी यांत ८, कंडिशनल एक्स्पेक्टेशनमध्ये (काही माहिती दिलेली असतानाची अपेक्षित किंमत) ६, कम्प्लीटनेस सिद्ध न करता नुसती म्हणून टाकण्यात ४, आणि साध्या आकडेमोडीत फक्त ३. म्हणजे ज्या कारणावर सगळ्यांचे एकमत होते, त्याचा वाटा सर्वांत लहान निघाला.

पहिला ढीग नीट समजून घेण्यासारखा आहे. प्रश्न शून्य ते थीटा या युनिफॉर्म वितरणाचा, थीटा हा अज्ञात पॅरामीटर आणि एन ही निरीक्षणांची संख्या. वैदेहीने घनता १/थीटा अशी लिहिली, पण ती कुठे लागू आहे ते लिहिले नाही. मग लाइकलीहुड झाले थीटाचा उणे एन घात. लॉगचे डेरिव्हेटिव्ह उणे एन/थीटा, ते कधीच शून्य होत नाही. तिने उत्तर लिहिले, “मॅक्सिमम लाइकलीहुड एस्टिमेटर अस्तित्वात नाही.” खरे तर थीटा सर्वांत मोठ्या निरीक्षणाहून लहान असेल तर लाइकलीहुड शून्य असते, आणि त्या निरीक्षणापासून पुढे ते सतत उतरत जाते. म्हणून कमाल मूल्य थेट सर्वांत मोठ्या निरीक्षणावरच मिळते. डेरिव्हेटिव्हची गरजच पडत नाही. इंडिकेटर (पल्ल्याच्या आत १, बाहेर ० हा घटक) लिहिला असता तर हे नजरेसमोर आले असते.

पुढच्या उपप्रश्नात क्रामर-राव सीमा, म्हणजे अनबायस्ड (सरासरीने खऱ्या किंमतीवर येणाऱ्या) एस्टिमेटरच्या व्हेरिअन्सची किमान मर्यादा, विचारली होती. तिने थीटाचा वर्ग/एन अशी काढली. नंतर (एन + १)/एन गुणिले सर्वांत मोठे निरीक्षण हा अनबायस्ड एस्टिमेटर घेऊन त्याचे व्हेरिअन्स काढले, थीटाचा वर्ग/एन(एन + २). हे सीमेपेक्षा लहान आले. किमान सीमेच्याही खाली गेलेले उत्तर पाहून तिने आपलीच आकडेमोड चुकली असे मानले आणि बरोबर असलेल्या व्हेरिअन्सवर काट मारली. तपासणाऱ्यांनी काट मारलेल्या उत्तराला गुण दिले नाहीत, आणि नियमाने ते बरोबरच होते.

व्हेरिअन्स बरोबर होते. क्रामर-राव सीमा तिथे लावायलाच नको होती. त्या सिद्धान्तात इंटिग्रलच्या आत डिफरन्शिएट करण्याची मुभा गृहीत धरलेली असते. युनिफॉर्ममध्ये इंटिग्रलच्या वरच्या मर्यादेतच थीटा बसलेला असतो. डिफरन्शिएट करताना मर्यादेतून १/थीटा ही जादा संज्ञा येते, आणि आत गेलेले डेरिव्हेटिव्ह ती विसरते. परिणाम असा की स्कोअरची (लॉग-घनतेच्या डेरिव्हेटिव्हची) अपेक्षित किंमत शून्य न येता उणे १/थीटा येते. याची एक तपासणी इतकी सोपी आहे की प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा स्वतःच्या हाताने करावी. एका निरीक्षणातली फिशर माहिती (पॅरामीटरविषयी त्यातून किती कळते याचे माप) तीन सूत्रांनी काढा. स्कोअरचे व्हेरिअन्स ० येते, स्कोअरच्या वर्गाची अपेक्षित किंमत १/थीटाचा वर्ग येते, आणि दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची उणे अपेक्षित किंमत उणे १/थीटाचा वर्ग येते. नियमित वितरणात ही तिन्ही सूत्रे एकच उत्तर देतात. इथे तीन वेगळी उत्तरे आली, त्यातले एक तर ऋण, म्हणजे अटी मोडल्या आहेत.

दुसरा ढीग पॉयसाँचा. शून्य येण्याची शक्यता, म्हणजे ई चा उणे लँब्डा घात, हिचा सर्वोत्तम अनबायस्ड एस्टिमेटर काढायचा होता. तिने सुरुवात बरोबर केली. पहिले निरीक्षण शून्य असेल तर १, नसेल तर ०, हा साधा अनबायस्ड एस्टिमेटर घेतला. मग एकूण बेरीज टी दिलेली असताना त्याची अपेक्षित किंमत काढायची होती, तिथे तिने पुन्हा ई चा उणे लँब्डा घात लिहिला. उत्तरात लँब्डा राहिला होता, आणि ज्यात पॅरामीटर शिल्लक आहे तो एस्टिमेटर असूच शकत नाही. बेरीज दिलेली असताना निरीक्षणे एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत. पहिले निरीक्षण टी आणि १/एन यांचे बायनॉमियल होते. त्यामुळे उत्तर येते (१ − १/एन) चा टी घात. एन ५ आणि बेरीज ८ असेल तर ०.८ चा आठवा घात, सुमारे ०.१६८. त्याच माहितीवर मॅक्सिमम लाइकलीहुडचे उत्तर सुमारे ०.२०२ येते. दोन्हींत फरक का, हे विद्यार्थ्याला सांगता आले तर राव-ब्लॅकवेल (सफिशियन्ट संख्या दिलेली असतानाची अपेक्षित किंमत घेऊन एस्टिमेटर सुधारण्याचा सिद्धान्त) त्याला कळले असे आम्ही मानतो.

तिसऱ्या ढिगात “एक्स्पोनेन्शियल फॅमिली आहे, म्हणून कम्प्लीट” हे एक वाक्य होते, आणि ते चुकीच्या ठिकाणी होते. सरासरी थीटा आणि व्हेरिअन्स थीटाचा वर्ग असलेल्या नॉर्मलमध्ये बेरीज आणि वर्गांची बेरीज ही जोडी सफिशियन्ट आहे, म्हणजे पॅरामीटरविषयीची सॅम्पलमधली सगळी माहिती तिच्यात येते, पण कम्प्लीट नाही, म्हणजे तिचे शून्याहून वेगळे असे फंक्शन सापडते ज्याची अपेक्षित किंमत नेहमी शून्य असते. २ × (बेरजेचा वर्ग) − (एन + १) × (वर्गांची बेरीज) याची अपेक्षित किंमत थीटा काहीही असला तरी शून्य येते. पॅरामीटर एकच आणि सफिशियन्ट संख्या दोन असतील, तर एवढा संशय यायलाच हवा.

समोरचे पर्याय

क्लास लावावा हा वडिलांचा आग्रह होता. स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणारे क्लास जुने पेपर भराभर सोडवून घेतात. वैदेहीची अडचण नेमकी भराभर सोडवण्यातून आली होती, त्यामुळे फी भरून तीच सवय आणखी घट्ट झाली असती. ज्याला पाया आहे पण वेग नाही, त्याला क्लासचा उपयोग होतो. इथे परिस्थिती उलटी होती.

पेपर सोडून एटीकेटीने पुढे जाणे हा दुसरा पर्याय. तो वरवर सोयीचा वाटतो, पण तिसऱ्या सत्रातले लिनियर मॉडेल्स आणि मल्टिव्हेरिएट दोन्ही याच विषयावर उभे आहेत. तिसरा सल्ला दुसऱ्या संस्थेत शिकणाऱ्या चुलतभावाचा, की मेझर थिअरीवर आधारलेला जाड ग्रंथ घे, सगळे स्वच्छ होईल. विचार वाईट नाही, पण ज्या मुलीला इंडिकेटर लिहायची सवय नाही तिला सिग्मा-फील्ड देऊन फायदा नाही, आणि आठ आठवड्यांत तर नाहीच.

चौथा पर्याय ताईचा. इन्फरन्स दोन आठवडे बाजूला ठेवायचे आणि प्रोबॅबिलिटीतले तीनच तुकडे पुन्हा करायचे : ऑर्डर स्टॅटिस्टिक्स (लहान-मोठ्या क्रमाने लावलेली निरीक्षणे), कंडिशनल एक्स्पेक्टेशन, व्हेरिएबल बदलताना येणारे जेकोबियन. उत्तरपत्रिकेतल्या ढिगांशी यांतले पहिले दोन सरळ जुळत होते. किंमतही उघड होती. वर्गात हायपोथिसिस टेस्टिंग सुरू झालेले असणार आणि ते तास जवळपास डोक्यावरून जाणार. ही किंमत मान्य करून चौथा पर्याय निवडला गेला. कॅरेक्टरिस्टिक फंक्शन आणि कन्व्हर्जन्सचे प्रकार मात्र “नंतर पाहू” म्हणून वगळले. या वगळण्याचा हिशेब पुढे चुकता करावा लागला.

काय केले

पहिल्या दिवसापासून एक शिस्त लावली. कुठल्याही प्रश्नाच्या डोक्यावर तीन ओळी लिहायच्याच. पॅरामीटरच्या किंमती कुठल्या संचात आहेत, निरीक्षणांचा पल्ला कोणता आणि तो पॅरामीटरवर अवलंबून आहे का, आणि या प्रश्नात रँडम काय आहे व स्थिर काय. सुरुवातीला वैदेहीला हे वेळखाऊ वाटले. पण तिसरी ओळ लिहिताना ती अडखळायची, आणि ते अडखळणेच उपयोगाचे होते. लाइकलीहुडमध्ये सॅम्पल स्थिर धरून पॅरामीटर फिरवायचा. व्हेरिअन्स काढताना पॅरामीटर स्थिर धरून सॅम्पल फिरवायचे. हे दोन डोक्यात एकत्र झाले की पुढचे सगळे धूसर होते.

प्रत्येक गणित तीन अंगांनी तपासायचे ठरले. हाताने सोडवणे, टोकाच्या किंमती घालून पाहणे आणि संगणकावर आजमावणे. टोकाची किंमत म्हणजे पॉयसाँच्या उत्तरात एन १ घालणे. शून्याचा टी घात होतो, म्हणजे टी शून्य असेल तर १, नाही तर ०, आणि आपण जिथून निघालो तोच एस्टिमेटर परत मिळतो. एक निरीक्षण असताना सुधारायला काही नसतेच, म्हणून उत्तर जुळते.

संगणकावर ‘आर’ हे संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर वापरले. ते फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही चालते. थीटा ६ धरून युनिफॉर्मची १०-१० निरीक्षणे १०,००० वेळा काढायची, प्रत्येक वेळी सरासरीची दुप्पट आणि सर्वांत मोठ्या निरीक्षणाची ११/१० पट नोंदवायची, शेवटी दोन्हींचे व्हेरिअन्स पाहायचे. सूत्राने पहिल्याचे १.२ आणि दुसऱ्याचे ०.३ यायला हवे, आणि संगणकाचे आकडे त्यांच्या अगदी जवळ आले. चुकीने लावलेली क्रामर-राव सीमा इथे ३.६ होते. दोन्ही अनबायस्ड एस्टिमेटर त्या “किमान” सीमेच्या कितीतरी खाली. परीक्षेत ज्या उत्तरावर काट मारली होती तेच पडद्यावर उभे राहिल्यावर वैदेही ताईला म्हणाली, “ताई, म्हणजे माझं बरोबर होतं, सिद्धान्त चुकीच्या जागी लावला होता.” या टप्प्यानंतर तिला अटी लिहायची आठवण करून द्यावी लागली नाही.

दोन आठवडे संपल्यावर पुन्हा एक निर्णय आला : प्रूफांचे काय करायचे? पाठांतर सोडून दिले. प्रत्येक सिद्धान्तासाठी एक कार्ड केले. डाव्या बाजूला अटी, उजव्या बाजूला ती अट काढली की काय मोडते याचे एक उदाहरण. प्रूफ वाचायचे ते फक्त कुठल्या ओळीत कुठली अट खर्ची पडली ते शोधण्यासाठी. क्रामर-राव सीमेच्या, म्हणजे राव यांच्या १९४५ च्या निष्कर्षाच्या, कार्डावर युनिफॉर्म आले. लेमन-शेफेच्या (कम्प्लीट सफिशियन्ट संख्येवर आधारलेला अनबायस्ड एस्टिमेटर सर्वोत्तम असतो) कार्डावर वर सांगितलेले नॉर्मल. बसूंच्या १९५५ च्या सिद्धान्तापुढे (ज्या संख्येचे वितरण पॅरामीटरवर अवलंबून नाही ती कम्प्लीट सफिशियन्ट संख्येपासून स्वतंत्र असते) थीटा ते थीटा + १ हे युनिफॉर्म, कारण तिथे रेंजचे, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान निरीक्षणांतल्या फरकाचे, वितरण थीटावर अवलंबून नाही आणि तरीही ती त्या दोन निरीक्षणांच्या सफिशियन्ट जोडीतूनच तयार होते, मग स्वतंत्र कशी असेल? लाइकलीहुड समीकरणाचे सुसंगत (सॅम्पल वाढेल तसे खऱ्या किंमतीकडे जाणारे) मूळ एकच असते हे कोल्हापूरच्या वसंत हुजूरबाजारांनी १९४८ साली दाखवले. त्या कार्डावर पुन्हा शून्य ते थीटा, जिथे सर्वांत मोठे निरीक्षण एनच्या वर्गमुळाच्या वेगाने नाही तर थेट एनच्या वेगाने थीटाकडे जाते आणि मर्यादेला नॉर्मल न येता एक्स्पोनेन्शियल येते. एकाच साध्या वितरणाने इतकी कार्डे भरली याचे तिला नवल वाटले. पण एका उदाहरणाची खोलवर ओळख झाली की सिद्धान्तांच्या कडा दिसू लागतात, आणि हे उदाहरण त्यासाठी उत्तम आहे.

दर शुक्रवारी संध्याकाळी एक सिद्धान्त कागद न घेता ताईला तोंडी सांगायचा, मराठीत. अडले की तिथेच थांबायचे, आणि ताई उत्तर सांगणार नाही, फक्त “कुठली अट?” एवढेच विचारणार.

टेस्टिंगसाठी वेळ कमी उरला, म्हणून ते निवडून केले. लेव्हल (बरोबर गृहीतक नाकारले जाण्याची ठरवलेली कमाल शक्यता) आणि साइझ (ती प्रत्यक्षात येते तेवढी) यांची गल्लत जिथे होते तिथे जास्त वेळ दिला. दहा वेळा नाणे उडवायचे, छापा येण्याची शक्यता अर्धी हे गृहीतक, पर्याय अर्ध्याहून जास्त, लेव्हल ०.०५. नऊ किंवा जास्त छापे आल्यावर नाकारले तर साइझ ११/१०२४, म्हणजे ०.०१०७. आठलाही नाकारले तर ५६/१०२४, म्हणजे ०.०५४७, हद्दीबाहेर. नेमका ०.०५ हवा असेल तर आठ आल्यावर सुमारे ०.८९३ शक्यतेने नाकारायचे. प्रत्यक्षात असे कोणी करत नाही, हे खरे. पण दिलेल्या लेव्हलला सर्वोत्तम टेस्ट कोणती हे सांगणारा नेमन-पिअर्सनचा १९३३ चा निष्कर्ष डिस्क्रीट वितरणात पूर्ण बसतो तो याच मार्गाने, आणि परीक्षेत हा आकडा विचारतात. युनिफॉर्मचे कार्ड इथेही कामी आले. थीटा गृहीतकातल्या थीटा नॉट (θ₀) या किंमतीइतका आहे विरुद्ध तितका नाही, अशा दुहेरी पर्यायालाही तिथे सर्वोत्तम टेस्ट मिळते. सर्वांत मोठे निरीक्षण थीटा नॉटहून मोठे असेल किंवा, एन १० आणि लेव्हल ०.०५ असताना, थीटा नॉटच्या ०.७४१ पटीहून लहान असेल, तर नाकारायचे.

निकाल

सत्रान्त परीक्षेत ७० पैकी ४४ गुण आले. युनिफॉर्मवरचा मोठा प्रश्न पूर्ण सुटला, राव-ब्लॅकवेलचाही. कम्प्लीटनेसच्या प्रश्नात निम्मे गुण गेले. कम्प्लीट नाही हे तिने ओळखले, पण ते दाखवणारे फंक्शन वेळेत सापडले नाही.

सर्वांत मोठी गळती मोठ्या सॅम्पलच्या भागात झाली. सरासरी शून्य असताना सॅम्पलच्या सरासरीच्या वर्गाचे मर्यादा-वितरण विचारले होते. तिने डेल्टा मेथड (सरासरीच्या फंक्शनचे मर्यादा-वितरण त्याच्या डेरिव्हेटिव्हवरून काढण्याची पद्धत) लावली. वर्गाचे डेरिव्हेटिव्ह शून्यापाशी शून्य होते, त्यामुळे मर्यादेचे व्हेरिअन्स शून्य आले आणि ती तिथेच थांबली. एनच्या वर्गमुळाऐवजी एनने गुणले असते तर भागिले सिग्माचा वर्ग केल्यावर एक डिग्री ऑफ फ्रीडमचे काय-स्क्वेअर मिळाले असते. डेरिव्हेटिव्ह शून्य नसावे ही अट कार्डावर नव्हती, कारण ते कार्डच केले नव्हते. कन्व्हर्जन्स वगळल्याचा हिशेब तो हा.

वेगळे काय करता आले असते

दोन आठवडे मागे जाण्याचा निर्णय आजही योग्यच वाटतो, पण वगळण्याचा निर्णय आंधळा होता. कन्व्हर्जन्सच्या प्रकारांना दोन संध्याकाळी पुरल्या असत्या. स्लट्स्की आणि डेल्टा मेथड एवढेच नीट केले असते तरी चालले असते. जेकोबियनला दिलेला वेळ थोडा कमी करता आला असता. त्यात फारसे गुण गेले नव्हते, तो भाग केवळ सवयीने यादीत आला.

संगणकावरची तपासणी तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली, ती पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. वैदेहीचा स्वतःच्या बरोबर उत्तरावरचा विश्वास परत आला तो त्या आकड्यांमुळे. प्रूफे नंतर आली.

कम्प्लीटनेससाठी तोंडी सांगण्यापेक्षा लिखित सराव जास्त हवा होता. कम्प्लीट नसलेल्या चार-पाच कुळांमध्ये शून्य अपेक्षित किंमत देणारे फंक्शन स्वतः शोधायचे, वेळ लावून. हे कौशल्य ऐकून येत नाही.

शिक्षकांच्या बाजूने सत्राच्या पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासाची बिनगुणांची चाचणी घेणे शक्य होते. असे प्रश्न पुरतात : शून्य ते थीटा युनिफॉर्मची घनता इंडिकेटरसह लिहा. दहा निरीक्षणांतल्या सर्वांत मोठ्याची घनता काढा. दोन स्वतंत्र पॉयसाँची बेरीज दिली असताना पहिल्याचे वितरण सांगा. एक्स दिलेला असताना वायची अपेक्षित किंमत ही संख्या आहे की रँडम व्हेरिएबल, कारणासह लिहा. वरची मर्यादा पॅरामीटरवर अवलंबून असलेला इंटिग्रल डिफरन्शिएट करा. वैदेहीने हे पाच प्रश्न परीक्षेनंतर सोडवून पाहिले. जानेवारीत यांतले किती आले असते, असे ताईने विचारले. तिने पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या प्रश्नावर बोट ठेवले आणि म्हणाली, “हे तीन नसते आले.”